करा अर्धाच भरा

१९८३ चा मे महिना. चिपळूणजवळ मामाच्या अंगणात मांडव पडलेला आणि मी नऊ वर्षांची करवली. हातात तांब्याचा करा, त्यात काठोकाठ पाणी, वर आंब्याचा डहाळा आणि त्यावर शेंडीचा नारळ. पाचव्या मंगलाष्टकेपर्यंत मी तग धरला. मग मनगटं थरथरायला लागली, करा कलला आणि विहिरीचं गार पाणी मामेबहिणीच्या पाठीवरून थेट अष्टपुत्रीत शिरलं. ती दचकून एक पाऊल पुढे सरकली. अंतरपाट धरणाऱ्या भटजींना वाटलं, मुलीला घाई झाली. अख्खा मांडव हसला. आजीनं मला नंतर पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत मी चौदा लग्नांत कुणाच्या तरी मागे किंवा शेजारी उभी राहिले. नऊदा करवली, दोनदा पाठराखीण, तीनदा विवाह अधिकाऱ्यासमोर साक्षीदार. माझ्या स्वतःच्या लग्नातलं मला धुराशिवाय फारसं काही आठवत नाही. या चौदांमधलं मात्र कुणाची टिकली कुठे पडली तेही आठवतं. तेव्हा येत्या मोसमात तुम्हाला कुणी ‘करवली तूच हं’ असं सांगून ठेवलं असेल, तर माझ्या चुकांचा तुम्हाला उपयोग व्हावा. पहिला धडा तर झालाच. करा अर्धाच भरा. नारळाखाली पाणी किती आहे हे कुणाला दिसत नाही, आणि मंगलाष्टका किती लांबतील हे भटजींनाही ठाऊक नसतं.

होकार देण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा. तुमच्याकडे करवलीनं काय काय करायचं असतं? करा धरते ती करवली, एवढं सगळीकडे सारखं. पुढचं घरागणिक बदलतं. कुठे एकीच्या हातात करा आणि दुसरीच्या हातात दिवा असतो. कुठे करवली कुमारिकाच लागते, कुठे लग्न झालेली बहीण चालते. वराकडची करवली वेगळी, तिचा मान वेगळा, आणि तो चुकला तर त्याची आठवण बारशापर्यंत काढली जाते. ही माहिती नवरीला नसते. ती असते घरातल्या एखाद्या आत्याला किंवा काकूला. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद दळून-कालवून झाली की त्या बाईजवळ दहा मिनिटं बसा. ती सांगेल ते ऐका आणि दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या. मी एकदा न विचारता नवरीच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि भर मुहूर्तावर मला कोपराला धरून डावीकडे नेण्यात आलं. व्हिडिओत ते छान आलं आहे.

खर्चाचंही तेव्हाच बोलून घ्या. आमच्या वेळी घरातली बरी साडी नेसून करवली उभी राहायची. आता हळदीला पिवळं, मेंदीला हिरवं, संगीताला भरजरी काहीतरी, आणि सगळ्या बहिणींनी एकसारखं. माझ्या कपाटात एकसारख्या रंगाच्या पाच साड्या आहेत, एकेकदाच नेसलेल्या. ‘रंग सांग, साडी माझी मी नेसेन’ हे वाक्य साखरपुड्याच्या आसपास म्हटलं तर कुणाला वाईट वाटत नाही. तेच लग्नाला आठ दिवस असताना म्हटलं तर वाटतं. आणि खरंच जमत नसेल, परीक्षा असेल, सातवा महिना असेल, तर सरळ नाही म्हणा. कुढत उभी राहिलेली करवली फोटोत ओळखू येते.

आता मुख्य काम. मांडवात कामं सगळेच करतात. रुखवत मांडणारे आहेत, पंगतीवर लक्ष ठेवणारे आहेत, भटजींना दर्भ शोधून देणारे आहेत. करवलीचं काम एकच, नवरीपासून हातभर अंतरावर असणं. हात लांब केला की तिला तुमचा पदर सापडला पाहिजे. हे मला कळलं ते १९९९ मध्ये जळगावला. मेमधलं लग्न, दुपारचा मुहूर्त, पत्र्याखालचा हॉल. नवरी माझी चुलत बहीण. आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं, कारण तिला प्रत्येकानं ‘जेवलीस ना’ असं विचारलं होतं आणि ताट कुणीच आणलं नव्हतं. लाजाहोमाच्या वेळी समोर होमाचा जाळ, अंगावर शालू, गळ्यात दोन हार. मी त्या क्षणी खाली होते. मावसभावाकडून माझा स्वतःचा फोटो काढून घेत होते. ती कोसळली तेव्हा तिला सावरलं तिच्या होणाऱ्या नणंदेनं, म्हणजे वरपक्षाच्या करवलीनं. त्या मुलीशी माझी आजही मैत्री आहे, पण तिच्यासमोर मला ते आठवलं की मी विषय बदलते.

म्हणून खाणं ही करवलीची जबाबदारी समजा. उपास असेल तर तो कधी सुटणार हे भटजींना विचारून ठेवा. नसेल तर तयार होण्याआधी नवरीला पोटभर पोहे, शिरा, काहीही खाऊ घाला. ओठ रंगवल्यावर ती खाणार नाही. पर्समध्ये राजगिऱ्याच्या वड्या, लिंबू-साखर-मिठाचं पाणी आणि एक स्ट्रॉ ठेवा. स्ट्रॉ विसरू नका, तिच्याशिवाय नवरी पाणी पीत नाही. लग्न लागल्यावर स्टेजवर भेटायला येणाऱ्यांची रांग दीड-दोन तास चालते. मधेच रांग थांबवून तिला पाच मिनिटं बसवण्याचा अधिकार कुणालाच नसतो, असं सगळ्यांना वाटतं. तो तुम्ही घ्या. ‘मुंडावळ्या सुटल्यात, नीट करते’ म्हणून तिला आत न्या. मी हे कारण चार लग्नांत वापरलं आहे आणि मुंडावळ्या एकदाही सुटलेल्या नव्हत्या.

नऊवारीबद्दल एक सूचना, जी कुठल्याही पत्रिकेत छापत नाहीत. नेसण्याआधी नवरीला स्वच्छतागृहात पाठवा. काष्ट्याची साडी नेसवायला पाऊण तास लागतो आणि मधेच सोडता येत नाही. शिवलेली असेल तर ती कुठून उघडते हे आदल्या दिवशी स्वतः बघून ठेवा. पाळीची तारीख जवळ असेल तर त्याचीही तयारी तुमच्याच पिशवीत हवी. पिशवीत आणखी काय? सेफ्टी पिना तीन मापांच्या, आकडे, काळा आणि पिवळा दोरा ओवलेली सुई, टिकल्यांचं पाकीट, डोकेदुखीची गोळी, ओला रुमाल, दहा-वीसच्या नोटा आणि सुटी नाणी (ओवाळणीच्या आणि दक्षिणेच्या वेळी घरातले सगळे पुरुष पाचशेची नोट काढून एकमेकांकडे बघतात), आणि काडेपेटी. दोन काडेपेट्या.

कारण दिवा विझतो. हॉलमध्ये डोक्यावर पंखा असतो आणि करवलीच्या हातात उघडी ज्योत. दिवा विझला की कुणीतरी म्हातारी ‘अगो बाई’ म्हणते आणि नवरीच्या पोटात गोळा येतो. उभं राहायच्या आधी वर बघा, पंख्याच्या थेट खाली उभ्या राहू नका. वात जाडसर आणि तुपात नीट भिजलेली असू द्या. तुमचा पदर खांद्याला पिन लावून आणि कमरेला खोचूनच दिवा हातात घ्या. गजरा, जरीचा पदर आणि अक्षता टाकायला पुढे झुकलेली माणसं, या तिघांपासून ज्योत दूर ठेवायची असते. रेशमापेक्षा आजकालच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या जास्त भराभर पेटतात. आणि विझलाच तर गाजावाजा न करता पुन्हा लावा. अपशकुन ओरडण्यात असतो.

मंगलाष्टका म्हणायला सांगितल्या तर दोन म्हणा. नवीन रचायच्या असतील तर वृत्त सांभाळा. पारंपरिक चाल शार्दूलविक्रीडिताची आहे, ओळीत एकोणीस अक्षरं आणि बाराव्यावर विसावा. सगळ्या आत्यांची नावं त्यात कोंबली की ती ओळ पळते, लंगडते आणि माइक शिट्टी मारतो. माझ्या एका काकांनी नऊ म्हटल्या होत्या. मुहूर्त टळला, पण काकांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या एका मैत्रिणीचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं झालं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात या पद्धतीनं पहिलं लग्न लागलं. त्यात भटजी नाहीत, आणि मंगलाष्टकांत वधूवर एकमेकांशी बोलतात. आम्हा मैत्रिणींना त्या म्हणायच्या होत्या. आम्ही चौघींनी आदल्या रात्री त्या अर्थासकट वाचल्या आणि तेव्हा कळलं की, वधूच्या तोंडी आपल्या हक्काची मागणी आहे. न वाचता म्हटल्या असत्या तर आम्ही त्या ‘शुभमंगल सावधान’च्या सुरात लाडिकपणे आळवल्या असत्या. कुठल्याही पद्धतीचं लग्न असो, आपल्या तोंडी आलेले शब्द आधी वाचून ठेवा.

मुलग्यांसाठी थोडक्यात. कानपिळीला कान हळू पिळा. जोडे लपवण्याची चाल आमच्या घरात तरी १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’नंतर शिरली. लपवायचे तर लपवा, पण सौदा पाच मिनिटांत मिटवा. वराचे वडील अनवाणी उन्हात उभे राहिले की गंमत संपलेली असते. उखाण्याचंही तसंच. नवरीला नाव घ्यायचं नसेल तर करवलीनं पुढे होऊन स्वतःच्या नवऱ्याचं, नसल्यास कुत्र्याचं नाव घ्यावं. लोक हसतात आणि विसरतात.

एका बाबतीत मात्र गंमत करू नका. दोन पक्षांमधले निरोप नेऊ नका. हे मी फार महागात शिकले. एका लग्नात सीमांतपूजनाच्या रात्री वराची मामी मला सहज म्हणाली, ‘आजीची साडी जरा हलकी वाटतेय, नाही?’ मी तेवीस वर्षांची, शहाणी. मी ते नवरीच्या आईला सांगितलं, तिला आधी कळलेलं बरं म्हणून. सकाळपर्यंत ‘जरा हलकी’चं ‘हलक्या घरातली’ झालं होतं. विहिणी-विहिणी दोन वर्षं बोलल्या नाहीत, आणि मधल्या मधे त्या मुलीचं पहिलं बाळंतपण कुणाकडे करायचं इथपर्यंत गोष्ट गेली. तुमच्याकडे कुणी असं काही बोललं तर दोनच उत्तरं आहेत. ‘तुम्हीच बोला ना त्यांच्याशी’ किंवा ‘हो का, चहा घेता?’

हळदीच्या वेळी आणखी एक गाठ येते. सवाष्णींनी हळद लावायची म्हणून पाच नावं निघतात आणि घरातली एक विधवा आत्या किंवा मावशी आपण होऊन दाराकडे सरकते. तिला कुणी जा म्हणत नाही, ये असंही म्हणत नाही. ऐन वेळी तुम्ही वाद घालायला गेलात तर त्या बाईचाच तमाशा होतो. काम आधी करायचं असतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आम्ही आठवडाभर आधी आईशी बोललो, मग आजीशी. आजी गप्प बसली, म्हणजे तिचा होकार होता. हळदीला बहिणीनं स्वतः हाक मारली, ‘आत्या, पहिली तू.’ करवली म्हणून माझं काम एवढंच की, त्या वेळी आत्या स्वयंपाकघरात नसेल, समोर पाटाजवळ असेल, असं बघणं. तिनं बोटाच्या टोकानं हळद लावली, मग पूर्ण तळव्यानं.

पाठराखीण ही चाल आता विरत चालली आहे. सासर दोन तासांवर असतं, हातात फोन असतो, आणि बरेच जण लग्नानंतर तिसऱ्या दिवशी विमानात असतात. पण अजूनही कुणी तुम्हाला ‘चार दिवस हिच्याबरोबर जा’ म्हटलं तर जा. १९९६ मध्ये मी एका बहिणीबरोबर बार्शीकडच्या एका खेड्यात गेले होते. मोठा वाडा, बावीस माणसं. पहिल्या संध्याकाळी तिनं माझ्या कानात विचारलं, ‘संडास कुठंय ते विचार ना.’ पाठराखिणीचं सगळं काम त्या वाक्यात होतं. नवरीला जे विचारता येत नाही ते तुम्ही विचारायचं. पाणी किती वाजता येतं, दिव्याचं बटण कुठे आहे, सासरे चहात साखर घेतात का, या थोरल्या जाऊबाईंना वहिनी म्हणायचं की अक्का. तुम्ही पाहुण्या आहात, तुम्हाला हे शोभतं. कामाला हात लावा, पण कपाटं उघडू नका. स्वतःचा टॉवेल न्या. नवराबायकोच्या गप्पांत बसून राहू नका, बाहेर जाऊन पोरांशी पत्ते खेळा. आणि परत आल्यावर माहेरी तिथल्या घराचं वर्णन करताना जपून. ‘सगळं चांगलं आहे, माणसं बोलकी आहेत’ एवढं पुरे. मात्र खरोखर काही बिघडलेलं दिसलं, तिला कुणी घालूनपाडून बोलताना ऐकलं, पैशांची भाषा ऐकली, तर ते लपवू नका. तिला विचारून, तिच्या आईवडिलांना एकटं गाठून सांगा.

साक्षीदाराचं काम सगळ्यांत कोरडं आणि सगळ्यांत पक्कं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, तीस दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकावं लागतं. सहीच्या दिवशी तीन साक्षीदार हजर हवेत. तुम्ही त्यांतले एक असाल तर मूळ ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, दोन्हींच्या प्रती आणि फोटो घेऊन जा. अर्ध्या दिवसाची रजा पुरेल असं समजू नका, पूर्ण टाका. आणि चौथा माणूस तयार ठेवायला सांगा. माझ्या एका मित्राच्या लग्नात तिसरा साक्षीदार लोकलमध्ये अडकला. शेवटी कचेरीबाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं दुकान पोराच्या हवाली केलं, आत येऊन सही केली आणि पेढा खाऊन गेला. मित्राच्या विवाह प्रमाणपत्रासाठी त्या माणसानं सही केली, हे तो आजही अभिमानानं सांगतो. मित्रही, आणि झेरॉक्सवालाही. साक्षीदाराला पुढे त्या जोडप्याच्या भांडणांतही बोलावलं जातं, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. दोघांचेही फोन घ्या, पण एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगू नका. वर साडीचं सांगितलंच आहे.

आता एक लग्न, जे मी मोजते पण सांगत नाही. मी बारावीत होते. गावाकडच्या एका नातलग मुलीची करवली म्हणून गेले. ती दहावीला बसणार होती. मुलीचं वय तेव्हाही कायद्यानं अठरा पूर्ण लागायचं. मांडवात शिक्षक होते, सरपंच जेवून गेले, मी करा घेऊन उभी राहिले. तिनं मला आत विचारलं होतं, ‘शाळेचा फॉर्म भरलाय गं, त्याचं काय होईल?’ मी म्हटलं, बघू. मी तिची करवली होते, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि मला तेवढंच सुचलं. आज तुम्हाला असं बोलावणं आलं तर जाऊ नका, आणि गप्पही बसू नका. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं असं लग्न लावणाऱ्यांबरोबर त्यात सामील होणाऱ्यांनाही शिक्षा आहे. १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्नाआधी कळवलं तर लग्न थांबतं. नंतर कळवलं तर मुलीचे हाल जास्त होतात, म्हणून वेळ घालवू नका.

एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली. त्या आठवड्यात घरातल्या एका मुलीचं लग्न होतं. तिची सख्खी बहीण टोरांटोला अडकलेली, म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी मास्क लावून करवली झाले. बहीण तिकडे पहाटे उठून, साडी नेसून, फोनसमोर स्टीलचं फुलपात्र धरून उभी राहिली. त्यावर नारळ बसेना म्हणून तिनं सफरचंद ठेवलं होतं. दोन तासांत सगळं आटोपलं. वेळ मर्यादित होता म्हणून कुणालाही भाषण करता आलं नाही, आणि नवरीला भूक लागली तेव्हा तिनं स्टेजवरच केळं खाल्लं. मोठ्या लग्नांतही हे करायला हरकत नाही.

लग्न आटोपल्यावर करवलीला झोप हवी असते, तशी ती घ्या. पण पंधरा-वीस दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर, गजरे टाकून दिल्यावर आणि फोटोंचा अल्बम अजून आलेला नसताना, एक फोन करा. ‘कशी आहेस’ विचारू नका, ती ‘मस्त’ म्हणेल. ‘आज काय केलंस जेवायला’ असं विचारा. मग ती बोलते. बार्शीकडच्या त्या बहिणीला मी हा प्रश्न विचारला आणि ती पाऊण तास बोलली, त्यातली दोन मिनिटं जेवणाबद्दल होती.

चिपळूणची मामेबहीण आता आजी झाली आहे. दरवर्षी मेमध्ये लग्नाच्या वाढदिवसाला तिचा मला फोन येतो. शुभेच्छा मी द्यायला हव्यात, पण ती मला बोलू देत नाही. ‘पाणी फार गार होतं गं,’ म्हणते, आणि फोन ठेवते.